रिन्यूअलपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही

आमच्या लाँड्रीत एक ठराव झाला होता. कागदावर नाही हो, हसण्यावारी. पण हसण्यावारी झालेला ठराव कागदावरच्यापेक्षा वाईट, कारण तो फाडता येत नाही.

आमची लाँड्री म्हणजे घरच्या शर्टपँटची नव्हे. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, असला माल. सकाळी गाडी भरून घाण येते आणि संध्याकाळी घड्या घालून जाते. मी मोठ्या ड्रमवर. शाळा मला फारशी मानवली नाही, पण ड्रम मला कळतो. आमची ही तिथंच, रफूच्या टेबलावर. फाटलेली चादर फेकायची की अजून एकदा शिवायची, हे ती ठरवते. रोलर प्रेसवर एक गडी, त्याला सगळे कडक म्हणतात. त्याची चादर कडक असते म्हणून, आणि जीभही. घडीच्या टेबलावर एक पोर, हिच्या फार जिवाभावाची. आम्हाला काका-काकू म्हणायची. नवरा लांब कुठंतरी बांधकामावर, आणि पोरीला सातवा महिना सरत आलेला. पोट टेबलाला लागायला लागलं होतं, तरी उभी राहून घड्या घालायची.

तर विमा. मालकानं आम्हा सगळ्यांचा मिळून एक विमा काढलेला. अर्धे पैसे त्याचे, अर्धे आमच्या पगारातून कापायचा. दरवर्षी त्याचं रिन्यूअल. त्या वर्षी रिन्यूअल दीड महिन्यावर आलं आणि एजंट आला. गोड माणूस. घाम पुसत पुसत म्हणाला, "गेल्या वर्षी तुमच्यात दोन मोठे क्लेम झाले. ड्रायव्हरचा पाय आणि त्या इस्त्रीवरच्या ताईंचा मूतखडा. कंपनीत जेवढे पैसे तुमच्याकडून आले, त्यापेक्षा जास्त गेले. आता अजून एक मोठा क्लेम झाला ना, तर कंपनी एक तर दुप्पट मागेल, नाहीतर हात जोडेल."

मालक म्हणाला, "दुप्पट मागितले तर हात मीच जोडतो. मला नाही परवडत. मग तुमचं तुम्ही बघा."

कडक उसळला. "मी एवढी वर्षं भरतोय, साधा खोकला नाही झाला मला! माझे पैसे गेले कुठं?"

आमची ही मान वर न करता म्हणाली, "ड्रायव्हरच्या पायात गेले. चालतोय ना तो?"

सगळे हसले. ड्रायव्हरनं पाय उचलून दाखवला, "हा बघ तुझा पैसा. लाथ घालू का?"

मला तेव्हा पहिल्यांदा विमा म्हणजे काय ते नीट कळलं. तोवर मला वाटायचं, आपण भरतो म्हणजे कुठंतरी आपल्या नावाचं साचतंय. काही साचत नाही. ते ड्रमसारखं आहे. एकटं जाड ब्लँकेट ओलं करून ड्रममध्ये टाका, पिळायला लागलं की सगळं वजन एका बाजूला जातं आणि मशीन जमिनीवरून उड्या मारतं. बोल्ट तुटतात. पण त्याच ब्लँकेटबरोबर हलक्या चादरी टाका, सगळीकडं पसरून, मशीन गपगुमान फिरतं. कडक म्हणजे हलकी चादर. त्याला वाटतं आपल्याला उगाच फिरवतायत. पण उद्या हलक्या चादरी म्हणाल्या आम्ही नाही येत, की राहिलं एकटं ब्लँकेट. एवढाच विमा. बाकी सगळी भाषणं.

तर एजंट उठताना कडक म्हणाला, "मग सोपं आहे! रिन्यूअलपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही. जो पडेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा."

हसलो हो सगळे. मालकसुद्धा हसला. एजंट तर टाळी देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर शिंकला तर तिघंजण म्हणाले, "ए, चहा!" तेव्हाही हसलो. पण आठवडाभरात ते हसणं आंबलं. कुणी खोकलं की माना वळायच्या. कुणी कपाळाला हात लावला की समोरचा विचारायचा, "काय होतंय?" आणि त्या विचारण्यात काळजी नसायची, तपास असायचा. समोरचा पण लगेच म्हणायचा, "कुठं काय! जागरण झालं जरा."

आणि त्याच आठवड्यात हिच्या पोटात दुखायला लागलं.

उजवीकडं, बरगडीच्या खाली. जेवली की दुखायचं, पार पाठीत जायचं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोटाचा फोटो काढायला लावला आणि म्हणाला, "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. लहान लहान आहेत. घाबरायचं कारण नाही, पण पिशवी काढून टाका. लहानसं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी याल. उशीर करू नका, लहान खडाच वाईट. मोठा जागेवर बसतो, लहान घरंगळतो."

दाराबाहेर आलो. मी म्हणालो, "उद्याच जाऊ."

ही म्हणाली, "रिन्यूअलनंतर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अहो, ऐका तरी. माझा क्लेम झाला आणि विमा गेला, तर त्या पोरीचं काय? तिला सांगितलंय डॉक्टरनं, पोट फाडून काढावं लागेल म्हणून. मागचं मूल गेलंय तिचं. नवीन विमा काढला तर बाळंतपणाचे पैसे देतात का लगेच? वर्षवर्ष थांबवतात. मूल थांबणार आहे का वर्षभर? माझे खडे इतकी वर्षं बसलेत, अजून महिनाभर बसतील."

मी भांडलो. पण खरं सांगू? मला पण ते पटलं. पोरीमुळं नाही. मला त्या माना दिसल्या, वळलेल्या. कडकचं तोंड दिसलं. मालकाचे जोडलेले हात दिसले. मी म्हटलं, महिनाच आहे. तूप बंद, तेल बंद, जपून राहू.

तो महिना कसा गेला ते मला विचारू नका. विमा आहे, आणि तो वापरायची भीती! घरात विहीर आणि तिच्यात वाकायची चोरी. ही रात्री कुशीवर वळायची तेव्हा श्वास रोखायची, ते मला ऐकू यायचं. मी जागा असायचो आणि झोपल्याचं सोंग करायचो. ती दुखत नसल्याचं सोंग करायची. दोन सोंगं एका अंथरुणात. सकाळी विचारलं की म्हणायची, "छान झोप लागली." लाँड्रीत तर सुई चालवताना ओठ असे दाबून धरायची, जणू दोरा तोंडात आहे. कुणी बघितलं की खरंच दोरा तोंडात घालायची.

पोर विचारायची, "काकू, जेवला नाहीत?"

"उपास आहे गं."

"रोज कसला उपास?"

"नवऱ्याचा. त्याच्यापासून सुटका व्हावी म्हणून."

पोर खुदखुदायची. मी ड्रमकडं तोंड करून उभा राहायचो.

आता डागांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जन्म गेला माझा पांढऱ्या कापडावरचे डाग बघण्यात. लाल डाग काही नाही, थंड पाण्यात जातो. खरा वैताग पिवळा. औषधाचा पिवळा वेगळा, घामाचा वेगळा, जुनाट कापडाचा वेगळा. लोकांना पांढरं दिसतं तिथं मला पिवळं दिसतं. भट्टीतून आलेली चादर ट्यूबलाइटखाली धरली की मी लांबून सांगतो, परत टाका.

त्या दिवशी दुपारी ही चादर उजेडाकडं धरून भोकं शोधत होती. चादर ताजी, ब्लीच केलेली, डोळे दिपतील अशी. मी ड्रम रिकामा करून सहज तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. चादरीच्या वर फक्त तिचे डोळे.

पिवळे.

माझ्या हातातलं ओलं बोचकं खाली पडलं. बुब्बुळाभोवतीचं जे पांढरं असतं ते पिवळं, जुन्या कागदासारखं. आणि गाल लाल, तापलेले. मी जवळ गेलो आणि मनगट धरलं. भाजत होतं. आणि त्या भट्टीशेजारच्या उकाड्यात ती थरथरत होती, दात वाजत होते तिचे.

"चल," मी म्हणालो.

"काही नाही हो, कणकण आहे. अजून दहा दिवस..."

"चल म्हणतो ना!"

एवढ्या जोरात ओरडलो की कडकनं रोलर थांबवला. रोलर थांबला की आमच्याकडं एकदम शांतता होते, कानात बसते. सगळे बघायला लागले. ही माझ्याकडं अशी बघत होती की बोलू नका, बोलू नका. मी बोललो. "हिच्या पित्तात खडे आहेत. महिना होत आला कळून. तुमच्या त्या चहापायी ही गप्प बसली आणि मी पण बसलो. आता डोळे बघा तिचे. बघा! कुणाला काय म्हणायचंय?"

पोर घडीचं टेबल सोडून आली, हिच्या गालाला हात लावला आणि ड्रायव्हरवर ओरडली, "दादा, बघत काय बसलात? गाडी काढा!"

कपड्यांच्या गाडीतनं नेलं. स्वच्छ गठ्ठ्यांवर टेकून बसवलं. निम्म्या वाटेवर ही बरळायला लागली, मला म्हणाली, "आई, दार लाव." तिची आई जाऊन किती वर्षं झाली. मी गाडीचं दार ओढून घट्ट धरलं.

ज्या दवाखान्याच्या चादरी आम्ही धुतो, तिथंच नेलं. एरवी मागच्या दारानं जातो. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दारानं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. "खडा घरंगळून नळीत अडकलाय. पित्त तुंबलंय आणि त्याचा पू झालाय. विष रक्तात चाललंय. तोंडातून दुर्बीण घालून आत्ताच तो खडा काढावा लागेल, नळी टाकावी लागेल. पिशवीचं ऑपरेशन नंतर. आधी ही वाचली पाहिजे."

वाचली पाहिजे. म्हणजे न वाचण्याचीही सोय आहे त्यात. मी फक्त म्हणालो, "करा. लागेल ते करा."

आणि बघा, भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरनं भांडणारा माणूस मी. तिथं मी विचारलं नाही किती. सुचलंच नाही. विचारलं असतं तरी कुणाला माहीत होतं? ज्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारत नाही, उठून दुसरीकडं जाऊ शकत नाही आणि नको म्हणू शकत नाही, त्या दुकानात भाव खाली कसा येणार, सांगा. आमच्या बाईचा जीव तिकडं टेबलावर, आणि मी घासाघीस करू?

हिला आत घेतलं आणि मला बिलिंगच्या खिडकीवर पाठवलं. खिडकीत एक बाई, चष्म्याला दोरी लावलेली.

"विमा की रोख?"

"विमा."

"खोली कुठली?"

"कुठलीही. जिथं वाचेल तिथं."

बाईंनी चष्म्यावरनं बघितलं. "मामा, असं म्हणू नका. तुमच्या विम्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. त्याच्या वरची खोली घेतलीत ना, तर नुसतं भाडं नाही वाढत. डॉक्टरची फी वाढते, ऑपरेशनचं भाडं वाढतं, त्या हिशोबानं सगळं वाढतं. आणि कंपनी त्याच मापानं सगळ्यातून कापते. लोक एसीच्या हौसेनं बुडतात. आयसीयूतून बाहेर आल्या की सामान्य वॉर्ड लिहिते. चालेल?"

"लिहा बाई, लिहा. पण मला एक सांगा, डॉक्टर तेच, सुरी तीच, मग खोली बदलली की ऑपरेशन महाग कसं होतं?"

"तुम्ही लाँड्रीचे ना? तुम्हाला चादरीचे किती मिळतात?"

"चहा पण येत नाही त्यात."

"बघा. मग महाग काय आहे? ते दुर्बिणीचं मशीन परदेशातून आलंय. ते वापरलं नाही तरी त्याचा हप्ता चालू. चोवीस तास उभी राहणारी माणसं, पेशंट असो नसो. ज्याचं बिल बुडालं त्याचं दुसऱ्यांच्या बिलात. आणि आम्ही." तिनं मागं हात केला. मागच्या खोलीत ओळीनं माणसं फोनवर बसलेली, सगळ्यांची कपाळं आक्रसलेली. "आमचं काम कंपनीकडून 'हो' वदवून घेणं. तिकडं कंपनीत अशीच एक खोली आहे, तिचं काम 'नाही' म्हणणं. दोन्ही खोल्यांचे पगार कुठून निघतात?"

"आमच्यातून?"

"मग? पण आत्ता ते सोडा. इकडं बघा." तिच्या मशीनवर कंपनीचा निरोप आला होता. तिनं वाचून दाखवला. खडे महिन्यापूर्वीच कळले होते असं डॉक्टरच्या कागदावर दिसतंय, तेव्हाच ऑपरेशन का केलं नाही, कारण कळवा. तोवर मंजुरी थांबवली आहे.

"मग आता तिकडं आत थांबवतील?"

"आत कुणी थांबवत नाही, मामा. आतलं चालू आहे. पण पैसे कोण देणार ते थांबलंय. काय लिहू कारण?"

मी म्हणालो, "लिहा, तुमच्याच भीतीनं. लिहा की तुम्ही रेट वाढवाल म्हणून एक बाई महिनाभर दोरा चावत बसली. तेव्हा तुम्हाला लहान ऑपरेशन पडलं असतं, आता हे पडलं. लिहा."

बाईंची बोटं थांबली. मग तिनं हळूच टाइप केलं आणि वाचून दाखवलं: "पेशंटचा निर्णय होत नव्हता."

"हे खोटं आहे."

"खरं लिहिलं तर ते आणखी चार प्रश्न विचारतील. हे लिहिलं की एकच विचारतील." ती माझ्याकडं बघत नव्हती. "जा, बाकावर बसा. मी लढते."

बसलो. समोरचं दार उघडलं की उठायचो, बंद झालं की बसायचो. एकेक पेशंट चाकांवर जायचा, त्याच्याखाली आमची चादर. एरवी मी चादर बघितली असती, कडेचा दोरा सुटलाय का. त्या दिवशी तोंडं बघत होतो. एकाच्या तोंडावरसुद्धा चादर ओढली होती. मी मान फिरवली.

मालकाचा फोन आला. मला वाटलं आता रिन्यूअलचं रडणार. तो म्हणाला, "अ‍ॅडव्हान्स मागतायत का? मी पाठवतो. वहिनींकडं बघ. बाकीचं... बाकीचं बघू." त्याचाही आवाज कापत होता. भ्यायलेला माणूस भ्यायलेल्या माणसाला किती धीर देणार?

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढत. "खडा निघाला. पू निचरला. आता ताप उतरतो का बघायचं. आज काही सांगत नाही."

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली, निम्म्याची. निम्म्यावर अजून बाई लढत होती. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. डोळ्यातला पिवळा जरा फिका झाला, मी खिडकीपाशी नेऊन बघितला, लिंबाचा होता तो आता दह्याच्या निवळीचा झाला. ही चिडली. "मला काय चादर समजलात का?" तेव्हा मला हुंदका आला. ती चिडली म्हणजे ती राहणार, असं वाटलं. डॉक्टरीणबाईंनीही तसंच सांगितलं, धोका टळला. वॉर्डात आणलं. पिशवीचं ऑपरेशन सूज उतरल्यावर.

त्या संध्याकाळी भेटायच्या वेळेत कडक आणि पोर आले. कडक पलंगाच्या पायाशी उभा, हातात ब्रेडचा पुडा, मान खाली. कडकला मी तसा कधी बघितला नव्हता, पार भिजलेला.

"वहिनी, माझ्या जिभेला हाड नाही."

"माहीत आहे रे. बस."

"बसता येत नाही." तो लाजला, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "दादा, जांघेत गाठ आलीय. दोन महिने झाले. चादरींची ट्रॉली ढकलली की बाहेर येते, मग दाबून आत घालतो."

"आणि तूच म्हणत होतास कुणी आजारी पडायचं नाही?"

"म्हणून तर म्हटलं! दुसरा कुणी पडला नसता तर रिन्यूअलनंतर मी पडणार होतो."

हिला हसू आलं आणि टाके नसूनही तिनं पोट धरलं. "अरे मेल्या!"

"एकटा मीच नाही," कडक कुजबुजला. "वहिनींना आणल्यापासून सगळे मला येऊन सांगतायत, पाद्र्याला सांगावं तसं. ड्रायव्हरच्या पायातनं पाणी येतंय. भट्टीवाल्याच्या छातीत कळ येते. सगळे गप्प बसलेत."

मी इतके दिवस समजत होतो की आपल्याच घरात चोरी आहे. इथं सगळी लाँड्री दुखणं दाबून उभी होती आणि एकमेकांकडं संशयानं बघत होती. जो तो दुसऱ्यासाठी थांबलेला, आणि दुसरा ह्याच्यासाठी.

तेवढ्यात ही उठून बसली. ती पोरीच्या पायांकडं बघत होती.

पोर स्टुलावर बसली होती आणि चप्पल काढून पाय मोकळे केले होते. चपलेच्या पट्ट्याचे खड्डे पायात रुतलेले, बोट जाईल एवढे. पाय कसले, उशा. हिनं हात लांब करून पोरीची बोटं धरली. बोटंही तशीच, अंगठी मांसात गेलेली. आणि तोंड. मला वाटलं होतं बाळसं आहे.

"कधीपासून सुजलेत?" हिनं विचारलं.

"उभं राहून होतं, काकू."

"डोकं दुखतं?"

पोरीनं पाय स्टुलाखाली ओढले.

"अगं, डोकं दुखतं का?"

"थोडं. आणि डोळ्यांसमोर चमकतं मध्येमध्ये. काजव्यांसारखं." मग घाईनं म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या होत्या ह्या महिन्यात दाखवायला ये. पण मी म्हटलं, त्यांनी ठेवून घेतलं तर? रिन्यूअलच्या आधीच क्लेम होईल. तुमचा तर झालाच, वर माझा. मग कडकदादांच्या गाठीचं काय, ड्रायव्हरदादांचं काय? आठवडाच राहिलाय ना, काकू."

ज्या पोरीसाठी ही मरायला निघाली होती, ती पोर बाकीच्यांसाठी निघाली होती.

हिनं सलाइनचा हात तसाच उचलला आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. "घेऊन जा तिला. आत्ता. खाली. आणि कुणाच्या बापाचं ऐकू नका."

मी एका बाजूनं, कडक दुसऱ्या बाजूनं, पोरीला नेलं. जिन्यात ती म्हणाली, "काका, पायऱ्या दोन दोन दिसतायत." आम्ही तिला जवळजवळ उचललंच. कडक गाठ विसरला, ट्रॉली विसरला.

खाली सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला आणि फुगवला. आकडा बघितला. परत फुगवला. परत बघितला. आम्हाला आकडा सांगितला नाही. "झोप इथं, डाव्या कुशीवर," एवढंच म्हणाली आणि गेली. चालत नाही गेली, पळत गेली. सिस्टर पळायला लागली की समजावं.

पोरीनं माझी बोटं धरली. "काका, विमा जाईल ना हो सगळ्यांचा?"

"जाऊ दे."

म्हणालो खरा. पण वर पलंगावर हिचं ऑपरेशन बाकी होतं, खिडकीतली बाई निम्म्या पैशांसाठी अजून लढत होती, मालकाच्या खिशाला तळ होता. तरी दुसरं काय म्हणणार होतो तिला? आठवडाभर थांब?

डॉक्टर आल्या, दोन सिस्टर आल्या, पडदा ओढला. आतून आवाज, "प्रेशर फार वाढलंय, बाळ आत्ताच काढावं लागेल. ऑपरेशन थिएटर तयार ठेवा. नवऱ्याला फोन लावा. सोबत कोण आहे?"

"मी," मी म्हणालो. "काका."

"सख्खे?"

"सख्खाच."

खिडकीवर तीच बाई होती, चष्म्याची दोरी गळ्यात. तिनं मला बघितलं, मागं कडकला बघितलं. "परत तुमच्याच लाँड्रीचं?"

"हो."

तिनं लांब श्वास घेतला. "विमा की रोख?"

त्या एका शब्दावर किती जण टांगलेले होते, ते मला मोजता येत नव्हतं. माझ्या आधी कडकच पुढं झाला, खिडकीत दोन्ही हात टेकले.

"विमा," तो म्हणाला. "लिहा बाई, पटापट लिहा. उद्या मी पण येतोय."

बाईंची बोटं चालायला लागली. मागं पडद्याची कडी खळखळली, पलंगाची चाकं हलली, आणि पोरीनं मला नाही, हिला हाक मारली, "काकू!" वरच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्यानं. मी पलंगाबरोबर पळत सुटलो. दारापाशी त्यांनी मला अडवलं.